जिथं पाटी, तिथं जागा

इंद्रजीतला पनवेलचा मासळी बाजार खोटा वाटला.

तो पुण्याहून आला होता, त्यामुळे हे त्याला पाहताक्षणी कळलं. गाव सोडून शहरात आलेल्या बायकांच्या हालअपेष्टांवर तो सिनेमा काढत होता. नाव ‘खारट पदर’. खाडी बुजवतात, गाव उठतं, नायिका डोक्यावर मासळीची पाटी घेऊन शहरात येते आणि दोन तास दहा मिनिटं सोसते. ती कुठे बसून सोसते, तेवढं ठरायचं बाकी होतं. त्यासाठी तो बाजारात आला आणि बघतो तर बायकांच्या अंगावर सोनं. एकीच्या पाटीशेजारी पैसे जमा झाले की खणखणीत आवाजात सांगणारा डबा. दुसरी व्हिडिओ कॉलवर नातवाला झापत होती आणि न बघता सुरमईचे तुकडे पाडत होती, तेही एका जाडीचे.

“हे ऑथेंटिक नाही वाटत,” इंद्रजीत म्हणाला. “यांच्या चेहऱ्यावर स्ट्रगल कुठंय?”

“सर, आज बुधवार आहे,” सत्यजीत म्हणाला. सत्यजीत त्याचा प्रॉडक्शन मॅनेजर. इंद्रजीतला जे वाटेल ते संध्याकाळपर्यंत उभं करायचं, हे त्याचं काम. “बुधवारी धंदा बरा होतो. सोमवारी आलो असतो तर…”

पण इंद्रजीतने ठरवलं होतं. खरा बाजार खरा वाटत नसेल तर खरा वाटणारा बाजार बांधायचा. कळंबोलीला लोखंड बाजार आणि ट्रक टर्मिनल यांच्यामध्ये एक रिकामा प्लॉट होता, त्याची तीन दिवसांची परवानगी काढली. बांबू आले, निळी ताडपत्री आली. ताडपत्री नवीकोरी होती म्हणून कलाविभागाने ती फाडली. आधी पेन्सिलीने आखून, मग ब्लेडने. एक नळ उभा केला. नळाला पाणी नव्हतं, पण नायिकेच्या मागे थेंब टपकायला हवा होता, म्हणून वर मचाणावर बाटली घेऊन एक माणूस बसवला. त्याच्या ओळखपत्रावर ‘थेंब’ असं लिहिलं होतं.

खऱ्या बाजारातून त्यांनी फक्त एकच वस्तू आणली. भीमाबाईची पाटी.

भीमाबाई अठ्ठावन्न वर्षांची. उरणकडच्या एका कोळीवाड्यातली. तिच्या गावची खाडी खरोखरच बुजवली होती, पण ते होऊन सोळा वर्षं झाली होती आणि तेव्हा तिथे कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं. ती पनवेलला आली तेव्हा बाजारातल्या बायकांनी तिला शेवटी बसवलं, गटाराशी, जिथे सगळ्यांच्या मासळीचं पाणी वाहत येतं. तिथून एकेक जागा सरकत, कुणी म्हातारी झाली, कुणी मेली, कुणी मुलाकडे खारघरला गेली, असं करत सोळा वर्षांनी ती नळाखाली पोचली होती. नळाखालची जागा म्हणजे बाजारातलं मंत्रिपद. पाणी हाताशी, गिऱ्हाईक समोर, मागे टेकायला खांब.

या जागांचा कागद नाही. जिची पाटी, तिची जागा. पाटी सलग तीन दिवस सकाळी जागेवर दिसली नाही, की चौथ्या दिवशी मागची बाई पुढे सरकते. आणि मोकळ्या जागेवर एखादीची पाटी तीन दिवस बसली, कुणी उठवली नाही, की ती जागा तिची. मयत, बाळंतपण आणि होळी एवढ्यालाच सूट. हा हिशेब गोदूआय ठेवते. ती ऐंशीच्या पुढे आहे, तिला लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही. भीमाबाईच्या मागे वेणू बसते. आठ वर्षं. आठ वर्षं ती भीमाबाईच्या पाठीकडे बघून मासे विकते आहे.

सत्यजीत भीमाबाईकडे आला तेव्हा सोबत नायिका होती. ऋचा, ठाण्याची, नाटकातून आलेली.

“मावशी, ह्यांना तुमच्यासारखं बसायला शिकवायचं. फक्त एक दिवस. आणि तुमची ही पाटी पण लागेल. एकदम ओरिजिनल आहे.”

“परत कवा मिळंल?”

“शूट संपलं की लगेच.”

एक दिवस चालतो. लग्नाला नाही का जात? भीमाबाईने कागद उलटसुलट करून पाहिला. गाव गेलं त्या वेळी तिने एका कागदावर सही केली होती, तेव्हापासून ती कागद नीट तपासते. ह्या कागदात ‘जमीन’ हा शब्द कुठेच नव्हता. तिने सही केली.

*

पहिला दिवस गुरुवारचा.

मेकअपवाल्याने ऋचाला सावलीत बसवून दीड तासात उन्हाने रापवली. मग ती पाटीमागे बसली. पाटीत पापलेटं होती, थर्माकोलची. खरी मासळी वास मारते, असं कलाविभागाचं निरीक्षण होतं.

“अशी नको बसू, बाय,” भीमाबाई म्हणाली. “शालेत मार खाल्ल्यावानी काय बसलीस? गुडघा वर घे. हात मोकळा ठेव.”

“मावशी, तिला खचलेली बसायचंय,” इंद्रजीत खुर्चीतून म्हणाला. खुर्चीच्या पाठीवर त्याचं नाव होतं.

“खचून बसली तं मासळी कोन घेईल? माशी बी नाय बसनार.”

“ती मासळी विकत नाहीये, मावशी. ती प्रश्न विचारतेय. समाजाला.”

“मंग पाटी कशाला घेतली?”

याचं उत्तर पटकथेत नव्हतं. तेवढ्यात पलीकडच्या सोसायटीतली एक बाई पिशवी घेऊन आली, थर्माकोलचं पापलेट उचलून तिने कल्ला उघडायचा प्रयत्न केला आणि म्हणाली, “ताजं नाही वाटत.” तिला समजावून परत पाठवलं. जाताना ती म्हणाली, “मग उद्या आणाल का? इथे जवळपास कुणीच बसत नाही हो.”

हे एकट्या भीमाबाईने ऐकलं.

जेवणाच्या सुट्टीत इंद्रजीत वही घेऊन तिच्याजवळ बसला. त्याला तिच्याकडून आतलं काहीतरी हवं होतं.

“गाव सोडायच्या दिवशी तुम्ही काय करत होतात, मावशी?”

“जेवान.”

“जेवत होतात?”

“करत व्हते. टेम्पो यायचा व्हता. तीस मानसं सामान चढवायला, त्यांना उपाशी धाडायची?”

“पण रडला असाल.”

“कांदा व्हता तवर रडले.”

“आणि आतून? आतून काय वाटत होतं?”

भीमाबाईने आठवून पाहिलं. “आतून भूक लागलेली. तीस मानसं जेवली, मना काय उरलंच नाय.”

इंद्रजीतने वहीत लिहिलं, ‘भूक. (रूपक?)’

पाच वाजता पॅकअप झालं. भीमाबाई पाटी उचलायला गेली तर सत्यजीत आडवा आला.

“मावशी, ती नाही नेता येणार. शॉटमध्ये आलीय. कंटिन्युइटी.”

“काय?”

“म्हणजे आज जी टोपली दिसली, तीच उद्या दिसायला हवी. आणि परवा पण. शूट शनिवारी संपतंय.” मग त्याने तो कागद दाखवला. साहित्य, शूट संपेपर्यंत, ताबा, खाली भीमाबाईची सही. शूट कधी संपणार, हे कागदात नव्हतं.

भीमाबाईने कागद पुन्हा उलटसुलट केला. सोळा वर्षांपूर्वीच्या कागदावरही असंच काहीतरी नव्हतं.

“आम्ही नवी टोपली आणून देतो ना तुम्हाला,” सत्यजीत म्हणाला. “याच्यापेक्षा चांगली. प्लॅस्टिकची.”

तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं. नळाखालची जागा, तीन दिवस, गोदूआय, वेणू. गटाराशी बसायचं, तेवढं तिने दोनदा सांगितलं. इंद्रजीत खुर्चीतून उठून उभा राहिला होता. त्याचे डोळे पाणावले होते.

“सत्या, हे किती ब्यूटिफुल आहे. बाईची ओळख म्हणजे तिची टोपली! टोपली गेली की बाई गेली! हे सिनेमात पाहिजेच.” त्याने वहीत चार पानं लिहिली. भीमाबाईचे दोन्ही हात हातात घेऊन तिचे आभार मानले.

मग पाटी टेम्पोत घालून कुलूप लावायला सांगितलं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाबाई आधी बाजारात गेली. नळाखालची जागा रिकामी होती. वेणूने ती झाडून ठेवली होती.

“मी फक्त झाडली हां, भीमे,” वेणू म्हणाली. “बसले नाय अजून.”

“बसनार कवा?”

“रविवारी. आज दुसरा दीस. मी मोजते नाय हां, पन दुसराच हाय.”

गोदूआय खांबाला टेकून पान लावत होती. भीमाबाईने नवी प्लॅस्टिकची टोपली तिच्यासमोर ठेवली.

“आये, ही ठेवली तं चालंल?”

“नवी पाटी म्हंजे नवी बाई. गटाराशी जागा हाय.”

“पन माझी पाटी सिनेमावाल्यांनी कोंडली!”

“मयत, बाळंतपन, होळी. सिनेमा नाय त्यात.”

“मंग काय मरू आता?”

“मेलीस तं तेरा दिस मिळतीन,” गोदूआय म्हणाली. तिने ती सवलत मनापासून देऊ केली होती. “हे बघ भीमे. तू कुठं हायस, कोन तुला छळतो, ते मना नको सांगू. रिवाज एकच बघतो, पाटी कुठं हाय.”

भीमाबाईने प्लॅस्टिकची टोपली उचलून बाजूला सारली. आत्तापर्यंत ती फक्त पाटी कुठे नाही, याचाच विचार करत होती.

तेवढ्यात मोरा बंदरातून मासळी घेऊन येणारा काशिरामचा टेम्पो बाजाराच्या तोंडाशी लागला. भीमाबाई खाली उतरवलेला बर्फाचा खोका पुन्हा वर चढवायला लावून स्वतः काशिरामच्या शेजारी जाऊन बसली.

“चल. कळंबोली.”

“तिकडं लोखंड इकतान, मावशे.”

“मंग लोखंड इकनारे जेवत नाय काय?”

कळंबोलीला कलाविभागाच्या माणसाने पाटी मांडली आणि तो नाश्त्याला गेला. भीमाबाईने थर्माकोलची पापलेटं उचलून मागे ठेवली, खरी मांडली, वर बर्फ टाकला. इंद्रजीत आला, वाकला, खुळावला.

“अरे, काय काम केलंय! हे डोळे बघ, शेपट्या बघ! वास पण आणलाय! कोणी केलं हे?”

कलाविभागाचा माणूस वडापाव खात येत होता. त्याने मान लवून कौतुक स्वीकारलं.

दोन शॉटच्या मध्ये भीमाबाई विकत होती. आधी कालची पिशवीवाली आली, मग तिच्या जिन्यातल्या चौघी, मग ट्रकवाले. कॅमेरा सुरू झाला की ऋचा पाटीमागे खचायची. कॅमेरा थांबला की भीमाबाई तिला कोपराने सरकवून कोयता चालवायची. हळूहळू ऋचा सरकेनाशी झाली. कॅमेरा थांबला तरी गुडघा वर करून बसू लागली. शनिवारी दुपारी तर तिने एका ट्रकवाल्याला बोंबील देताना वर दोन कोलंब्या टाकल्या आणि म्हणाली, “उद्या पण ये रे, दादा.”

“हे संवादात नाहीये,” इंद्रजीत म्हणाला.

“सॉरी. आपोआप आलं.”

“आणि तू हसतेयस. अशी हसलीस तर तुला कुणी विस्थापित म्हणणार नाही. मावशी, तुम्ही फ्रेमच्या बाहेर जा जरा, तुमच्यामुळे सगळं सुखी दिसतंय.”

शेवटचा शॉट मोठा होता. ऋचाने आभाळाकडे बघून विचारायचं होतं, ‘सांगा, माझी जागा कुठे आहे?’ मागे थेंब टपकणार होता. सगळे गप्प झाले. ऋचाने विचारलं. टर्मिनलच्या कुंपणापलीकडून एका ड्रायव्हरने खरोखर काळजीने उत्तर दिलं, “इधर छाँव में आ जाओ, बेन.”

सात वेळा घेतलं. सातव्यांदा मचाणावरच्या थेंबाला डुलकी लागली आणि अख्खी बाटली खाली आली. इंद्रजीत म्हणाला, “चालेल. आक्रोश वाटतोय.”

*

रविवारी सकाळी सेट काढायचा होता. परवानगी शनिवारी सहालाच संपली होती; पण बारापर्यंत प्लॉट मोकळा केला तर चालेल, असं सत्यजीत कुणालाही न विचारता समजून होता. तो भीमाबाईकडे गेला.

“घ्या मावशी, झालं शूट. ही तुमची पाटी. उचला आता.”

भीमाबाई पाटीमागे बसली होती. गुडघा वर. समोर सात गिऱ्हाइकं. शेजारी ऋचा बर्फ फोडत होती; शूट संपलं तरी ती आली होती. “ऱ्हाऊ दे तिथंच,” ती म्हणाली.

“अहो, सेट काढायचाय.”

“काढ की. बांबू तुमचं, ताडपत्री तुमची. मी कुठं नको म्हनते?”

“तुम्ही उठल्याशिवाय कसा काढू? बाजारात जा ना तुमच्या.”

“तिथं आज वेणू बसली,” भीमाबाई म्हणाली. मासा तिने उगाचच दोनदा धुतला.

तेवढ्यात रिक्षातून गोदूआय उतरली. घर आणि बाजार सोडून ती सहा वर्षांत कुठे गेली नव्हती; भीमाबाईने काशिरामकडून निरोप धाडला म्हणून आली. तिने पाटीभोवती एक फेरी मारली आणि सत्यजीतला विचारलं, “पाटी किती दिस हाय इथं?”

“तीन.”

“कुनी उठवली?”

“नाही, कंटिन्युइटी होती ना.”

“कुनी बघितली?”

सत्यजीतने अभिमानाने सांगितलं, की तीनही दिवसांचं चित्रीकरण आहे, दोन कॅमेऱ्यांनी, वेळेसकट. रिवाजाला इतका भक्कम पुरावा आजवर मिळाला नव्हता.

“मंग जागा भीमीची,” गोदूआय म्हणाली आणि बोंबील निवडू लागली.

“गोदूआय,” भीमाबाईने हळूच विचारलं, “तो नळ गळतो. वेणूनं फडकं बांधलं का त्याला?”

“बांधलं. तुझंच व्हतं, खांबाला.”

भीमाबाईने मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

इंद्रजीतला हे कळल्यावर त्याने आधी समजूत काढली, मग कला म्हणजे काय ते सांगितलं, मग तो ओरडला. प्लॉट मोकळा करून दिला नाही तर पुढच्या शूटिंगला जागा मिळणार नव्हती, आणि नायिकेला अजून दुसऱ्या अर्ध्यात बरंच सोसायचं होतं. शेवटी त्याने अतिक्रमणविरोधी पथकाकडे तक्रार करायचं ठरवलं. मजकूर त्याने सांगितला, सत्यजीतने मोबाईलवर टाईप केला.

“लिही. ‘सदर महिला बाहेरून येऊन येथे बेकायदा बसली असून…’”

“सर, हे खलनायकाचं वाक्य आहे. सीन बावीस.”

“मग तयारच आहे ना? तेच टाक.”

त्या भागात पथक रविवारी येत नाही. पण त्या दिवशी ते रस्त्यापलीकडेच चहा पीत होतं, त्यामुळे आलं. एक जेसीबी, एक ट्रक, आठ माणसं आणि काळूराम नावाचे साहेब. जेसीबीचा दात प्लॉटवर वळताना दिसला आणि इंद्रजीत सगळं विसरला. बजेटमध्ये बसत नाही म्हणून पटकथेतून काढावा लागलेला शेवट त्याच्यासमोर फुकट चालत येत होता.

“कॅमेरा लावा! ऋचा, मध्ये ये! मावशी, तुम्ही रडा! आता तरी रडा!”

काळूराम साहेब एकदम कामाला लागणारे नव्हते. त्यांनी आधी सगळीकडे बघितलं.

“हे बांबू कुणाचे?”

“आमचे,” सत्यजीत म्हणाला.

“ताडपत्री?”

“आमचीच. हँडमेड आहे.”

“नळ?”

“आमचा. चालत नाही.”

“परवानगी?”

सत्यजीतने कागद दिला. साहेबांनी तारीख पाहिली, घड्याळ पाहिलं आणि माणसांना खूण केली. माणसांनी बांबू उपटले, ताडपत्री गुंडाळली, नळ उचलला, मचाण उतरवलं. ‘थेंब’ आपणहून उतरला. मग दिवे, छत्र्या, खोके.

“कॅमेरा रोल!” इंद्रजीत ओरडत होता. “रोल का होत नाही?”

“सर, तो ट्रकमध्ये चढवला,” सत्यजीत म्हणाला.

“कोणत्या अँगलने?”

“नाही सर. त्यांनी चढवला. त्यांच्या ट्रकमध्ये.”

भीमाबाईने जेसीबी दिसताच बर्फ खोक्यात भरून जमीन पुसून घेतली होती. तिने पाटी डोक्यावर घेतली, कोयता कमरेला खोचला आणि उभी राहिली. शेजारी ऋचा, डोक्यावर बर्फाचा खोका, तोही सरळ. सात गिऱ्हाइकं रांग न मोडता चार पावलं मागे सरकली. काळूराम साहेब त्या दोघींसमोर आले. खाली बघितलं. खाली काहीच नव्हतं.

“आणि ही बाई?” इंद्रजीत बोट दाखवत म्हणाला. “तक्रार हिच्याबद्दल आहे!”

“ती उभी आहे,” साहेब म्हणाले. “उभी बाई अतिक्रमण होत नाही.” मग त्यांनी मागे वळून विचारलं, “ही खुर्ची कुणाची?”

खुर्चीवर नाव होतं, त्यामुळे वाद झाला नाही.

ट्रक लोखंड बाजाराच्या वळणाला दिसेनासा झाला तशी भीमाबाईने पाटी उतरवली, जिथून उचलली होती त्याच जागी, बोटभरही इकडेतिकडे नाही. शेजारी ट्रक धुणारे होते, त्यांच्याकडून ऋचाने एक बादली पाणी आणलं. काळूराम साहेबांनी जाताना अर्धा किलो मांदेली सांगून ठेवली होती, ती भीमाबाईने आधी बाजूला काढली.

इंद्रजीत मोकळ्या प्लॉटच्या मध्यभागी उभा होता. वर ऊन होतं. त्याची सावली, त्याची खुर्ची, त्याचा बाजार, सगळं शासकीय ट्रकातून गेलं होतं. बराच वेळ त्याला कुठे उभं राहायचं ते कळेना. सत्यजीत ट्रकमागे रिक्षा घेऊन गेला होता. शेवटी इंद्रजीत पाटीजवळ आला.

“मावशी,” तो म्हणाला, “जरा बसू का इथे?”

भीमाबाईने त्याच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. तिच्या ओळखीत असा खचलेला चेहरा कुणाचाच नव्हता. तिने बर्फाचा खोका थोडा बाजूला ओढला.

“बस. पन तिसऱ्या दिसाच्या आदी ऊठ.”